बेला गुटमनची न्यूयॉर्कमधली सहा वर्षं : एक प्रकरण अभ्यास

फुटबॉलचा इतिहास वाचणाऱ्यांना बेला गुटमन हे नाव माहीत असतं ते लिस्बनच्या बेनफिका क्लबमुळे. प्रशिक्षक म्हणून त्याने 1961 आणि 1962 असे लागोपाठ दोन युरोपियन कप (आजच्या चॅम्पियन्स लीगचा पूर्वज) जिंकून दिले. मग पैशावरून क्लबशी फाटलं, आणि जाता जाता त्याने, पुढची शंभर वर्षं बेनफिका युरोपियन कप जिंकणार नाही, असा शाप दिला अशी दंतकथा मागे राहिली. या गोष्टीत 1926 ते 1932 ही वर्षं बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकली जातात : मधल्या काळात तो अमेरिकेत खेळला. हे एक वाक्य उलगडून पाहावं म्हणून हा लेख.

त्या सहा वर्षांत गुटमन महान खेळाडू झाला नाही. तो वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी न्यूयॉर्कला गेला आणि तेहेतिसाव्या वर्षी परतला, म्हणजे सेंटर हाफच्या, मैदानाच्या मध्यावर खेळणाऱ्या खेळाडूच्या, उमेदीचा उत्तरार्ध तिथेच सरला. पण ज्यू असलेला, हंगेरीत जन्मलेला, व्हिएन्नाहून आलेला फुटबॉलपटू अमेरिकेत नेमकं काय विकत होता, ते विकत कोण घेत होतं आणि ती मागणी कशी आटली, हे त्याच्या प्रकरणात जितकं स्वच्छ दिसतं तितकं फार थोड्या ठिकाणी दिसतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. गुटमनच्या अमेरिकेतल्या यशापयशात त्याच्या खेळाचा वाटा लहान आहे. मोठा वाटा आहे तो छातीवरच्या सहा टोकांच्या ज्यू ताऱ्याला न्यूयॉर्कमध्ये मिळालेल्या भावाचा, आणि तो भाव ठरवणाऱ्या मालकांच्या आपसांतल्या भांडणांचा.

बुडापेस्ट, मग व्हिएन्ना

गुटमनचा जन्म 1899 सालचा, बुडापेस्टचा. आईवडील दोघंही नृत्यशिक्षक. सोळाव्या वर्षी त्यालाही नृत्य शिकवण्याचं प्रमाणपत्र मिळालं होतं. हा कागद पुढे कामाला येणार होता. फुटबॉलमध्ये तो एमटीकेकडून खेळला. बुडापेस्टमधल्या शिकल्यासवरल्या, हंगेरियन समाजात मिसळून गेलेल्या ज्यू मध्यमवर्गाचा हा लाडका क्लब. तिथे त्याला विजेतेपद मिळालं, राष्ट्रीय संघाचे दरवाजेही उघडले.

पण 1919 मध्ये बेला कुनचं अल्पजीवी कम्युनिस्ट सरकार पडलं आणि मिक्लोश हॉर्ती या उजव्या सेनानीच्या माणसांनी सूड उगवायला सुरुवात केली. त्याची झळ सर्वाधिक बसली ती ज्यूंना. 1920 मध्ये विद्यापीठांतल्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या लोकसंख्येतल्या प्रमाणाइतकीच, म्हणजे साधारण सहा टक्क्यांवर आणणारा कायदा झाला. फुटबॉलपटूला विद्यापीठात जायचं नसलं तरी वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते कळतंच. गुटमनने व्हिएन्नातला हाकोआह हा क्लब गाठला.

हाकोआह 1909 मध्ये स्थापन झालेला, उघडपणे झायनवादी, म्हणजे ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र हवं असं मानणारा, क्लब. खेळाडू सगळे ज्यू, जर्सीवर दाविदाचा तारा. पोहणं, कुस्ती असे त्यांचे इतर विभागही नावाजलेले होते, आणि फुटबॉलच्या सामन्यांना गडबड होण्याची शक्यता असली की क्लबचे पैलवान सोबत असत. 1924 मध्ये ऑस्ट्रियात फुटबॉल व्यावसायिक झाला आणि पहिल्याच व्यावसायिक हंगामाचं, 1924–25 चं, विजेतेपद हाकोआहने पटकावलं. त्या हंगामातला वीनर स्पोर्टक्लबविरुद्धचा सामना आजही सांगितला जातो. गोलरक्षक सांडोर फाबियनचा हात मोडला. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हतीच. हात गळ्यात बांधून तो आघाडीला जाऊन उभा राहिला आणि विजयी गोल त्यानेच मारला. त्याआधी 1923 मध्ये या संघाने लंडनमध्ये जाऊन वेस्ट हॅमला 5–0 ने हरवलं होतं. वेस्ट हॅमचा पहिल्या फळीचा पूर्ण संघ त्या दिवशी मैदानात नव्हता, हे सांगणारे कमी भेटतात. असो, पण इंग्रजांना त्यांच्याच भूमीवर हरवल्याची बातमी जगभरच्या ज्यू वस्त्यांत पोचली, आणि आपल्या प्रकरणासाठी महत्त्वाचं आहे ते तिचं पोचणं.

एक प्रसंग इथेच नोंदवून ठेवतो, कारण माणसाचा स्वभाव त्यातून कळतो. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी हंगेरीच्या संघाला माँमार्त्रच्या गजबजाटातलं हॉटेल दिलं होतं आणि खेळाडूंपेक्षा पदाधिकाऱ्यांची संख्या जास्त होती. गुटमनने हॉटेलातले मेलेले उंदीर पदाधिकाऱ्यांच्या दारांवर टांगले, असं सांगतात. हंगेरी इजिप्तकडून 3–0 ने हरली आणि गुटमन पुन्हा राष्ट्रीय संघात दिसला नाही. व्यवस्थेने आपल्याला गृहीत धरलं की हा माणूस गप्प बसायचा नाही. अमेरिकेत मात्र त्याला बऱ्याचदा गप्प बसावं लागलं.

दौरा

1926 च्या वसंतात हाकोआह अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. दौऱ्यामागे नॅट आगर होता : जन्माने इंग्लिश, ज्यू, स्वतः खेळलेला आणि ब्रुकलिन वाँडरर्स या क्लबचा मालक. त्याचा हिशोब सरळ होता. न्यूयॉर्कमध्ये पंधरा लाखांहून जास्त ज्यू राहत होते. बहुतेक पूर्व युरोपातून आलेले किंवा तिथून आलेल्यांची मुलं. त्यातल्या किती जणांनी फुटबॉलचा सामना पैसे देऊन पाहिला असेल देव जाणे, बेसबॉल आणि बॉक्सिंग हे त्यांचे खेळ. पण तारा छातीवर लावून गोऱ्या युरोपातल्या राजधानीत विजेते झालेले अकरा ज्यू पाहायला ते येतील, हे आगरने ओळखलं.

ते आले. 1 मे 1926 रोजी मॅनहॅटनच्या पोलो ग्राउंड्सवर हाकोआह आणि निवडक अमेरिकन लीग खेळाडूंचा सामना झाला, त्याला सुमारे 46 हजार प्रेक्षक होते. अमेरिकेत फुटबॉलच्या सामन्याला इतकी गर्दी पुन्हा व्हायला 1977 साल उजाडावं लागलं, आणि तेव्हा न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबकडे पेले होता. हाकोआह तो सामना 3–0 ने हरला. तिकिटं विकली गेली होती, त्यामुळे हरण्याने धंद्याचं काही बिघडलं नाही.

या तारखेबद्दल जाता जाता एक. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यू कुटुंबांचा तेलघाणा शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या धार्मिक विश्रांतीच्या दिवशी, बंद असायचा म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणत, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. 1 मे 1926 हा शनिवार होता. हाकोआहचं ज्यूपण धार्मिक आचाराचं नव्हतं, राष्ट्राभिमानाचं होतं. ज्यू शरीर दुबळं असतं हा समज मैदानावर खोडायचा, तर सामने जेव्हा असतील तेव्हा खेळायला हवं. आणि न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनाही त्यांच्याकडून तेच हवं होतं.

दौऱ्यानंतर काही महिन्यांतच हाकोआहचे खेळाडू अमेरिकन क्लबांच्या यादीत दिसू लागले. गुटमन, एर्नो श्वार्त्झ, मोरिट्झ हॉयस्लर हे न्यूयॉर्क जायंट्सकडे. योझेफ आयझेनहोफर आगरच्या ब्रुकलिन वाँडरर्सकडे. 1927 मध्ये क्लबने पुन्हा दौरा केला. व्हिएन्नाच्या हाकोआहने त्यानंतर कधीही ऑस्ट्रियाचं विजेतेपद जिंकलं नाही. जगभर नाव व्हावं म्हणून काढलेल्या दौऱ्याने क्लबचा संघच खाल्ला.

खेळाडू का गेले? पगार हे उघड कारण. ऑस्ट्रियाने महागाईत मातीमोल झालेलं चलन टाकून शिलिंग आणलं होतं, 10,000 क्रोनला एक शिलिंग या दराने. डॉलरमधला पगार त्या घरांतून आलेल्या माणसाला कसा दिसत असेल ते वेगळं सांगायला नको. दुसरं कारण कायद्याचं. 1924 च्या अमेरिकन कायद्याने देशवार कोटे ठरवले होते आणि ते जन्मस्थानावर मोजले जात. हंगेरीचा वाट्याचा आकडा होता वर्षाला 473. अख्ख्या देशातून पाचशेही माणसं नाहीत. अशा काळात हातात न्यूयॉर्कच्या क्लबचा करार असणं म्हणजे भाग्यच. तिसरं कारण मी त्या काळच्या बातम्यांतून नाही, व्हिएन्नातल्या वातावरणातून ताडतो : दर रविवारी प्रेक्षकांतून ज्यूंच्या नावाने शिव्या ऐकत खेळणं जिकिरीचं झालेलं असणार.

कामगार म्हणून खेळाडू

अमेरिकन सॉकर लीग 1921 मध्ये सुरू झाली होती. आज अमेरिकेत फुटबॉलला इतिहास नाही असं समजणाऱ्यांनी ही लीग पाहावी. बेथलेहेम स्टीलचा आर्ची स्टार्क याने 1924–25 च्या एका हंगामात लीगमध्ये 67 गोल केले होते. स्कॉटलंडहून खेळाडूंची रीघ लागली होती, कारण गिरणी किंवा पोलाद कारखान्याचा क्लब पगाराबरोबर कारखान्यात कामही देत असे. फॉल रिव्हर क्लबचा मालक सॅम मार्क याने तर मॅसॅच्युसेट्समध्ये रविवारी खेळायला बंदी होती म्हणून आपलं मैदान राज्याच्या हद्दीबाहेर, ऱ्होड आयलंडमधल्या टिव्हर्टनला बांधलं. धंद्याची अक्कल या लोकांकडे भरपूर होती.

इथे स्कॉटिश खेळाडू आणि हाकोआहचे खेळाडू यांच्यातला फरक नीट पाहायला हवा, कारण गुटमनची पुढची घसरण त्यातूनच समजते. ग्लासगोहून आलेला माणूस इंग्रजी बोलायचा, त्याच्या हाताला यंत्रावरचं काम असायचं, गावात त्याच्यासारखीच शंभर कुटुंबं असायची. क्लब बुडाला तरी कारखाना उरायचा. गुटमनचा जायंट्स क्लब कारखान्याचा नव्हता. त्याच्या मागे शहराचा गल्ला होता आणि तो गल्ला प्रेक्षक येतील तोवरच. त्यामुळे गुटमनने हरतऱ्हेचे जोडधंदे केले. नृत्य शिकवलं. दारूबंदीचा काळ होता, तर एका चोरट्या दारूगुत्त्यात भागीदारी केली. शेअर बाजारातही पैसे घातले, जसे तेव्हा न्यूयॉर्कमधल्या न्हाव्यापासून डॉक्टरपर्यंत सगळेच घालत होते. त्याच्या चरित्रकारांना हे सगळं रंगीबेरंगी वाटतं. मला त्यात असुरक्षित नोकरीतल्या माणसाची धडपड दिसते.

युरोपात तोवर कुरकुर सुरू झाली होती. अमेरिकन क्लब करारात बांधलेले खेळाडू पळवतात अशी तक्रार 1927 मध्ये हेलसिंकीच्या फिफा अधिवेशनात आली. तक्रार करणाऱ्यांत ऑस्ट्रिया आणि हंगेरी होते. अमेरिकेवर निलंबनाची टांगती तलवार आली, ती समजुतीने टळली. या वादात युरोपियन संघटना आपल्या क्लबांसाठी भांडत होत्या, अमेरिकन संघटना आपल्या क्लबांसाठी. ज्यांच्या पायांवरून भांडण होतं त्यांना विचारायचं कुणाला सुचलं नाही.

एका शहरात दोन हाकोआह

1928 चा शरद ऋतू हा या प्रकरणाचा कणा. अमेरिकेत राष्ट्रीय संघटनेची नॅशनल चॅलेंज कप ही बाद फेरीची स्पर्धा होती, आजच्या यूएस ओपन कपची पूर्वज. तिचे सामने लीगच्या हंगामातच यायचे, प्रवासाचा खर्च वाढायचा आणि मिळकत वाटून जायची, म्हणून लीगच्या मालकांना ती नकोशी झाली. त्यांनी आपल्या क्लबांना कपमध्ये न उतरण्याचा आदेश दिला. तीन क्लबांनी तो धुडकावला : बेथलेहेम स्टील, नेवार्क स्कीटर्स आणि गुटमनचा न्यूयॉर्क जायंट्स. लीगने तिघांना निलंबित केलं. उलट राष्ट्रीय संघटनेने लीगलाच बेकायदा ठरवलं, फिफाने संघटनेची बाजू घेतली, आणि या तीन क्लबांभोवती ईस्टर्न सॉकर लीग नावाची दुसरी लीग उभी राहिली. अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासात याला सॉकर वॉर म्हणतात.

नव्या लीगला गर्दी हवी होती, आणि न्यूयॉर्कमध्ये गर्दी खेचणारं नाव कोणतं हे दोन वर्षांपूर्वीच सिद्ध झालं होतं. वेगवेगळ्या क्लबांत विखुरलेले व्हिएन्नाचे खेळाडू गोळा करून न्यूयॉर्क हाकोआह उभा करण्यात आला. गुटमनही त्यात गेला. मग जुन्या लीगनेही ब्रुकलिन हाकोआह काढला! एकाच शहरात, एकमेकांना बेकायदा म्हणणाऱ्या दोन लीगांत, एकाच नावाचे दोन संघ. नाटकाच्या किंवा तमाशाच्या फडात फूट पडली की दोन्ही गट मूळ मालकाचं नाव पाटीवर लावून गावोगाव फिरतात, तसलाच हा प्रकार. व्हिएन्नात त्या नावामागे क्लब होता, सभासद होते, एक विचार होता. न्यूयॉर्कमध्ये उरली ती पाटी आणि पाटीखालचे पगारी खेळाडू.

पण या पाटीखाली फुटबॉल चांगला खेळला गेला हेही खरं. 1929 च्या चॅलेंज कपच्या अंतिम फेरीत न्यूयॉर्क हाकोआहची गाठ सेंट लुइसच्या मॅडिसन केनेल क्लबशी पडली. दोन सामने व्हायचे होते. पहिला सेंट लुइसमध्ये हाकोआहने 2–0 ने जिंकला, दुसरा न्यूयॉर्कच्या डेक्स्टर पार्कवर वीस हजारांच्या आसपास प्रेक्षकांसमोर 3–0 ने. ज्या कपसाठी लीग फुटली तोच कप, परदेशातून आलेल्या ज्यू खेळाडूंच्या संघाने जिंकला. गुटमनच्या खेळाडू म्हणून कारकिर्दीतलं हे अमेरिकेतलं एकमेव मोठं पदक. तेव्हा तो तीस वर्षांचा होता.

डेक्स्टर पार्कवरची ती गर्दी पोलो ग्राउंड्सच्या निम्मीसुद्धा नव्हती. कपच्या अंतिम सामन्यासाठी ती उत्तम होती, पण 1926 च्या आठवणीने डोळे दिपलेल्या मालकांनी जी स्वप्नं पाहिली होती त्यांना ती पुरेशी नव्हती. दौऱ्यावर आलेला संघ वर्षातून एकदा पाहायचा असतो. तोच संघ दर आठवड्याला गल्लीपलीकडच्या मैदानात खेळू लागला की तो पाहुणा राहत नाही. शिवाय 1924 च्या कायद्यामुळे नव्या स्थलांतरितांचा ओघ थांबला होता, आणि आधी आलेल्यांची मुलं ब्रुकलिनच्या रस्त्यांवर स्टिकबॉल, म्हणजे काठीने खेळायचा गल्लीतला बेसबॉल, खेळत वाढत होती. हाकोआह हे नाव बापाला जितकं हलवायचं तितकं मुलाला हलवत नव्हतं. मालकांना हे कळलं असतं तरी त्यांच्याकडे दुसरा माल नव्हता.

पडझड

ऑक्टोबर 1929 मध्ये दोन्ही लीगांचा समेट झाला. त्याच महिन्यात वॉल स्ट्रीट कोसळला. भांडण मिटवायला याहून वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता.

न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन हाकोआह एकत्र होऊन हाकोआह ऑल-स्टार्स झाले. 1930 मध्ये हा संघ ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना असा दौरा करून आला. घरी गल्ला भरत नसेल तर बाहेर फिरायचं, हे जुनं गणित. गुटमन मधल्या काळात न्यूयॉर्क सॉकर क्लब नावाच्या संघाकडूनही खेळला. त्या नावाची कथा पाहण्यासारखी आहे. बेसबॉलच्या न्यूयॉर्क जायंट्सचा मालक चार्ल्स स्टोनहॅम याच्याकडे फुटबॉलचाही क्लब होता, पण जायंट्स हे नाव फुटबॉलमध्ये आधीच दुसऱ्याकडे असल्यामुळे त्याला आपल्या क्लबचं नाव नॅशनल्स ठेवावं लागलं होतं. 1930 मध्ये त्याने ते नाव मिळवलं. नॅशनल्सचे झाले जायंट्स, आणि मूळचे जायंट्स झाले न्यूयॉर्क सॉकर क्लब. म्हणजे गुटमन 1926 मध्ये ज्या क्लबात दाखल झाला होता, त्याच क्लबात तो चार वर्षांनी वेगळ्या नावाखाली होता आणि त्याच्या जुन्या क्लबचं नाव दुसऱ्यांच्या जर्सीवर होतं. हे सगळं वाचताना क्लबांची वंशावळ कागदावर मांडल्याशिवाय सुचत नाही. खेळाडूंना तरी नीट कळत असेल का, कोण जाणे.

बेथलेहेम स्टील 1930 मध्ये बंद झाला. फॉल रिव्हर शहर सोडून न्यूयॉर्कला आला. 1933 मध्ये पहिली अमेरिकन सॉकर लीग संपली. बाजाराच्या घसरणीत गुटमनचे बरेच पैसे गेले होते. शेवटची पाच डॉलरची नोट खिशातून बाहेर जायची वाट सापडू नये म्हणून तिच्यावरच्या लिंकनचे डोळे मी टोचून ठेवले, असा विनोद तो पुढे सांगायचा. कंगाल झालेल्या माणसाने स्वतःवर केलेला विनोद म्हणून तो चांगला आहे. मात्र त्याच्या आठवणी रंगवून सांगायच्या सवयीकडे पाहता, तो हिशोबाचा पुरावा समजू नये.

1932 मध्ये तो व्हिएन्नाला परतला, जुन्या हाकोआहमध्ये. थोडं खेळला आणि लगेच प्रशिक्षक झाला.

परतीचा निर्णय

या प्रकरणातला सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे. आज मागे वळून पाहताना 1932 मध्ये न्यूयॉर्क सोडून व्हिएन्नाला जाणं वेडेपणाचं वाटतं. पुढच्याच वर्षी जर्मनीत हिटलर आला. 1938 मध्ये ऑस्ट्रिया गिळली गेली आणि हाकोआह बंद पाडला गेला. क्लबच्या संस्थापकांपैकी फ्रिट्झ लोनर-बेडा आणि 1925 च्या विजेत्या संघाचा कर्णधार माक्स शॉयर हे दोघं ऑशविट्झला मारले गेले. गुटमन ऑस्ट्रिया पडल्यावर बुडापेस्टला गेला. तिथल्या उयपेश्ट क्लबला 1939 मध्ये मित्रोपा कप, म्हणजे मध्य युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, जिंकून देऊनही तो सुरक्षित राहिला नाही. 1944 मध्ये तो लपून राहिला, मग सक्तमजुरीच्या छावणीत गेला, आणि डिसेंबरमध्ये खिडकीतून उडी टाकून पळाला. त्याच्यासोबत पळालेल्यांत एर्नो एर्बस्टाइन होता, पुढे इटलीतल्या तोरिनो क्लबचा प्रशिक्षक, जो 1949 मध्ये सुपेर्गाच्या विमान अपघातात संघासकट गेला. गुटमनचे वडील आणि बहीण वाचले नाहीत.

पण 1932 मध्ये उभं राहून विचार करा. न्यूयॉर्कमध्ये लीग मरत होती. बेकारी शिगेला पोचली होती. वय तेहेतीस, हातात गिरणीचं काम नाही, पैसे गेलेले. व्हिएन्नात ओळखीचा क्लब आणि प्रशिक्षकाची वाट होती. त्या क्षणी उपलब्ध माहितीवर हा निर्णय शहाणपणाचाच होता, आणि तरीही तो जिवावर बेतला. नंतरच्या ज्ञानाने माणसांना मूर्ख ठरवणं हा इतिहास वाचणाऱ्यांचा आवडता आळस आहे.

सोबतच्या दोघांकडे पाहिलं तर चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. आयझेनहोफरही परतला, फ्रान्सला गेला, मार्सेचा प्रशिक्षक म्हणून 1937 मध्ये फ्रान्सचं विजेतेपद जिंकला, आणि 1945 मध्ये युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या बुडापेस्टमध्ये मेला. एर्नो श्वार्त्झ मात्र न्यूयॉर्कमध्येच राहिला. तो गुटमनपेक्षा पाचेक वर्षांनी लहान होता, म्हणजे लीग कोसळली तेव्हा त्याच्या पायांत अजून हंगाम शिल्लक होते. त्याने न्यूयॉर्क अमेरिकन्स हा संघ चालवला, 1937 मध्ये तोच चॅलेंज कप खेळाडू-व्यवस्थापक म्हणून पुन्हा जिंकला, आणि 1953 ते 1955 च्या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. त्याने संघाला दिलेलं नावही पाहा : हाकोआह नाही, अमेरिकन्स. दोघांच्या गुणवत्तेत फार अंतर नव्हतं. वयातली पाच वर्षं आणि मालकाऐवजी स्वतःच क्लब चालवण्याची तयारी, एवढ्यावर एकाचं स्थलांतर पूर्ण झालं आणि दुसऱ्याचं अर्धवट राहिलं.

अमेरिका त्याच्यात काय ठेवून गेली

गुटमनच्या प्रशिक्षकपदाच्या काळात एक सवय सतत दिसते : तो कुठेही फार टिकत नाही आणि कराराच्या बाबतीत कमालीचा काटेकोर असतो. तिसरा हंगाम घातक असतो, असं तो म्हणायचा. 1946 मध्ये बुखारेस्टच्या चोकानुल क्लबात पैशाला किंमत उरली नव्हती, तेव्हा त्याने मेहनताना भाजीपाला आणि धान्याच्या रूपात घेतला. 1955 मध्ये एसी मिलान साखळीत पहिल्या स्थानावर असताना त्याला काढण्यात आलं. त्यानंतर संघ अव्वल असताना मला काढता येणार नाही असं कलम तो करारात घालून घ्यायचा. 1962 मध्ये बेनफिकाने अॅमस्टरडॅमला रियाल माद्रिदला 5–3 ने हरवून युरोपियन कप राखला, गुटमनने वाढीव मोबदला मागितला, संचालक नाही म्हणाले, आणि तो उठून निघाला.

बेनफिकाच्या चाहत्यांनी याला लोभ म्हटलं, नंतर शापाची गोष्ट जोडली, आणि त्यानंतरच्या युरोपियन अंतिम फेऱ्यांतल्या आठ पराभवांनी ती गोष्ट पक्की केली. मला वाटतं, हा माणूस तीस वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये शिकलेला धडा गिरवत होता. निष्ठा, तारा, समाज, गौरव या सगळ्यावर तिथे तिकिटं विकली गेली होती. लीग फुटली, क्लबांची नावं बदलली, मालकांनी खेळाडू एका पाटीखालून दुसऱ्या पाटीखाली हलवले, आणि शेवटी हातात उरलं ते करारात लिहिलेलं तेवढंच. यावर कुणी म्हणेल, पॅरिसमध्ये उंदीर टांगणारा माणूस मुळातच भांडखोर होता, त्यात अमेरिकेचं काय? मान्य. पण पॅरिसमध्ये तो जागेवरून आणि झोपेवरून भांडला होता. कलमांवरून भांडायला तो अमेरिकेनंतर लागला.

बेनफिका सोडल्यावर त्याने पुन्हा अटलांटिक ओलांडला. या वेळी तो गेला माँटेव्हिडिओच्या पेन्यारोलकडे. 1930 मध्ये हाकोआह ऑल-स्टार्स ज्या उरुग्वेत गल्ला शोधत फिरला होता, तिथे तो आता स्वतःच्या अटींवर उतरला. वय होतं त्रेसष्ट.